सुट्टीचा बेत

प्रत्यक्ष सहलीपेक्षां सहलीचा बेत करण्यांतच खरें सुख असतें, असें सांगणारे पुष्कळ लोक मला भेटले आहेत. तीसएक वर्षें मीही याच मताचा होतों, आणि तें अगदींच खोटें आहे असें आजही मी म्हणणार नाहीं. परंतु अलीकडे मला एक शंका येऊं लागली आहे. ज्या घरांत बेत आंखणारें माणूस एक, आणि त्या बेतापायीं पहाटे चारला उठणारें माणूस दुसरें, त्याच घरांत हें मत जन्मास येत असावें. आणि तेंही पहिल्या माणसाच्या डोक्यांत! दुसऱ्या माणसास याविषयीं कोणीं कांहीं विचारल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

ही शंका येण्यास निमित्त झालें तें यंदाच्या, म्हणजे २०२६ सालच्या, प्रजासत्ताकदिनाच्या सुट्टीचें. यंदा २६ जानेवारी सोमवारीं आली. चौथा शनिवार, रविवार आणि सोमवार अशा तीन सुट्ट्या एकमेकींस लागून आल्या. असा योग आला कीं, पुण्यांतील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास एकाच वेळीं एकच कल्पना सुचते, आणि ती आपल्यालाच काय ती सुचली असें प्रत्येकास वाटतें. आमचें कुटुंब या नियमास अपवाद नाहीं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या बैठकीच्या खोलींत या विषयावर रीतसर परिषद भरली.

आमच्या घरांत माणसें पांच: मी, पत्नी, मुलगा, मुलगी आणि माझी आई. गाडीही पांचच माणसांची. हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्या रात्रीं तो माझ्या ध्यानांत राहिला नाहीं.

पहिली सूचना मुलाची. तो हिंजवडीस संगणकाच्या एका कंपनींत काम करतो, आणि आठवडाभर खुर्चींत बसून आंखडलेल्या पायांना सिंहगडाशिवाय दुसरें औषध नाहीं अशी त्याची श्रद्धा आहे. पहाटे अंधारांत पायथ्यापासून चढूं लागावें, सूर्योदयास माथा गांठावा, पिठलें-भाकरी खावी आणि ऊन तापण्यापूर्वीं घरीं यावें, असा त्याचा बेत. यावर माझी हरकत अशी कीं, २६ जानेवारीस सकाळीं कॉलेजांत ध्वजवंदन असतें. ज्या दिवसाच्या नांवानें आपण सुट्टी घेतों, त्या दिवसाला चार मिनिटें उभें राहून मान द्यावा, एवढें तरी मास्तरकी करणाऱ्या माणसानें करावें. “बाबा, सुट्टीच्या दिवशीं कामावर जाणारे सगळ्या पुण्यांत तुम्ही एकटेच!” असें मुलगा म्हणाला. तें किती खोटें होतें हें आम्हां दोघांनाही पुढें कळावयाचें होतें.

माझी स्वतःची सूचना भाज्याच्या लेण्यांची. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत कोरलेला तो चैत्य, त्याची ती पिंपळपानासारखी कमान, एका बाजूस उभा असलेला स्तूपांचा समूह, आणि लोकलगाडीनें मळवलीस उतरून पायीं जातां येईल एवढें अंतर. एका दिवसाच्या सहलीस याहून योग्य स्थळ कोणतें? मुलीनें मान हलविली. ती विधिमहाविद्यालयांत शिकते, व तिचीं उत्तरें आतांपासूनच वकिली थाटाचीं होऊं लागलीं आहेत. “लेणीं म्हणजे बाबांचं व्याख्यानच. फक्त डोंगर चढून ऐकायचं!” तिला स्वतःला महाबळेश्वरीं जाऊन स्ट्रॉबेरी खावयाच्या होत्या. परंतु महाबळेश्वर पुण्याहून सुमारें एकशेंवीस किलोमीटर. आणि तीन सुट्ट्या लागून आल्या म्हणजे पसरणी घाटांत स्ट्रॉबेरीपेक्षां मोटारींचेंच पीक अधिक येतें, असें सांगून तिच्या भावानें ती सूचना फेटाळली.

पत्नी बँकेंत अधिकारी आहे. तिच्या सुट्ट्या मोजून मिळतात आणि मोजूनच खर्चाव्या लागतात. तिनें स्थळाचें नांव घेतलें नाहीं. “कुठंही चला. हुरड्याला चला, नाहींतर नुसतं नदीवर चला. मात्र मला डबा करावा लागणार नाहीं एवढं बघा,” असें ती म्हणाली. या सूचनेंत जें सांगितलें होतें त्याकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. डबा हा जणूं सहलीचा पायाच. त्यावर चर्चा कसली करावयाची?

मीं कागद घेतला. त्यावर उभ्या रेघा मारून स्थळ, अंतर, निघण्याची वेळ, जेवण, खर्च, परतण्याची वेळ असे रकाने पाडले. हा माझा जुना छंद आहे. कोऱ्या कागदावर ‘सकाळीं ९ वाजून १५ मिनिटांनीं प्रस्थान’ असें लिहिलें कीं सहल निम्मी झालीच असें मला वाटतें. आमच्या घराचें प्रस्थान साडेदहापूर्वीं कधीं झालें नाहीं, ही गोष्ट निराळी. अर्ध्या तासाच्या वादानंतर भाज्याचीं लेणीं व हुरडा यांचा जोडबेत बहुमतानें संमत झाला. गाडींत कोणीं कोठें बसावयाचें, सतरंजी कोठें ठेवावयाची, हेंही ठरलें.

आई इतका वेळ कोपऱ्यांत बसून मटार सोलीत होती. जानेवारींत आमच्या घरीं रोज किलोभर मटार येतो, आणि तो सोलण्याचें काम तिनें कोणाला दिलेलें नाहीं. ती एक्क्याऐंशी वर्षांची आहे. दृष्टि शाबूत आहे, पण गुडघे दुखतात. मटारांवरची नजर न काढतां ती म्हणाली, “तुम्ही जा. मी घर सांभाळतें.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. तिचें हें वाक्य आमच्या इतकें परिचयाचें आहे कीं, परिषदेच्या शेवटीं अध्यक्षानें आभार मानावे तसें तें आम्हांस वाटतें. मीं तर माझ्या कागदावर पांचव्या जागेपुढें ‘डबे व सतरंजी’ असें लिहूनही टाकलें.

त्याच रात्रीं मला दुसऱ्या दिवशींच्या तासाची तयारी करावयाची होती. वाणिज्य शाखेच्या मुलांना मी व्यापारविषयक कायदे शिकवितों. वचनचिठ्ठ्या, हुंड्या आणि धनादेश यांच्या व्यवहारांचा आपल्याकडील कायदा १८८१ सालचा. सरकारी मराठींत त्याला परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात. हें नांव वर्गांत उच्चारलें कीं मागच्या बाकांवरची मुलें एकमेकांकडे पाहून हंसतात. या कायद्याचें पंचविसावें कलम मीं आजवर पंचवीसहून अधिक वेळां शिकविलें असेल. आपलें राज्य सरकार दरवर्षीं सार्वजनिक सुट्ट्यांची जी यादी राजपत्रांत प्रसिद्ध करतें, ती याच कलमाच्या आधारें. दिवाळी, ईद, नाताळ, प्रजासत्ताकदिन यांची सुट्टी आपल्याला मिळते ती धर्मशास्त्रांतून नव्हे किंवा इतिहासाच्या पुस्तकांतूनही नव्हे, तर देण्याघेण्याच्या कायद्यांतून, हें ऐकून मुलांना दरवर्षीं नवल वाटतें.

यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. सुट्टी म्हणजे ज्या दिवशीं पेढी बंद असते तो दिवस. आतां एखाद्या हुंडीची मुदत नेमकी त्याच दिवशीं भरली तर पैसे केव्हां द्यावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. तो सोडविण्यासाठीं सुट्टी कोणती हें कायद्यानें सांगावें लागतें. विलायतेंत सर जॉन लबक या गृहस्थांनीं १८७१ सालीं पार्लमेंटांत कायदा मंजूर करवून बँकांना वर्षांतून चार नव्या सुट्ट्या मिळवून दिल्या. हे गृहस्थ स्वतःच पेढीवाले होते. बँका बंद राहिल्या कीं सगळा व्यापार बंद राहतो, आणि मग कारकुनापासून गिऱ्हाइकापर्यंत सर्वांनाच सुट्टी मिळते, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० सालीं, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनीं वर्षानुवर्षें अर्ज, सभा व झगडा केल्यानंतर. सुट्टी कोणाला आपोआप मिळत नाहीं. कोणींतरी ती मागावी लागते. गिरणीला लोखंडे भेटले. स्वयंपाकघराला अजून कोणी भेटला नाहीं.

पण मला सांगावयाची गोष्ट निराळी आहे. लबकसाहेबांच्या कायद्याप्रमाणें त्या नव्या सुट्टीच्या दिवशीं मुदत भरणारें देणें दुसऱ्या दिवशीं दिलें तरी चालत असे. आमच्या पंचविसाव्या कलमाचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. देण्याची मुदत सुट्टीच्या दिवशीं भरत असेल, तर तें देणें त्याच्या लगतपूर्वीच्या कामाच्या दिवशींच भरलें असें समजावें. सुट्टी आहे म्हणून ऋणकोला एक दिवस अधिक मिळत नाहीं. उलट एक दिवस कमीच मिळतो. हें वाक्य टिपणवहींत लिहितां लिहितां माझा हात थांबला. बाहेरच्या खोलींतला दिवा अजून जळत होता. आई राहिलेला मटार सोलीत होती.

मला माझें लहानपण आठवलें. तें सदाशिव पेठेंत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत गेलें. वडील शाळामास्तर होते. २६ जानेवारीस व १५ ऑगस्टास शाळेंतलें झेंडावंदन उरकलें कीं ते मला व माझ्या दोघी बहिणींना घेऊन स्वारगेटास येत, आणि तेथून बसनें आम्ही सिंहगडाच्या पायथ्याशीं जात असूं. आई त्या दिवशीं पहाटे चारला उठे. दुधांत भिजविलेल्या दशम्या, लसणीची चटणी, बटाट्याची सुकी भाजी आणि एखाद्या वेळीं गुळाच्या पोळ्या. एका स्वच्छ पंच्यांत हें सगळें बांधून ती वडिलांच्या हातीं देई आणि दारांत उभी राहून म्हणे, “तुम्ही जा. मी घर सांभाळतें.”

त्या काळीं याला कारण होतें. आजोबा अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्यामागें आजीला दिसेनासें झालें. आजी गेली तेव्हां माझ्या बहिणींचीं बाळंतपणें सुरू झालीं होतीं. पुढें माझीं मुलें झालीं. पत्नी बँकेंत जाई, मुलें आईपाशीं राहत. तिला घरांत ठेवणारें कारण प्रत्येक वेळीं नवें होतें आणि खरें होतें. परंतु इतक्या वर्षांत एकही सुट्टी अशी आली नाहीं कीं, त्या दिवशीं कांहींच कारण नव्हतें! शेवटीं कारणें संपलीं, तरी वाक्य राहून गेलें. मी सिंहगडावर किती वेळां गेलों तें त्या रात्रीं मोजूं लागलों, आणि तिसावर आलों तेव्हां मोजणें सोडून दिलें. त्यांतल्या कितीएक वेळां मीं तिच्या हातची दशमी कल्याण दरवाज्याच्या सांवलींत बसून खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना मीं तिला विचारलें, “आई, तूं सिंहगड पाहिला आहेस का ग?”

“पाहिलाय की,” ती म्हणाली. “आपल्या जुन्या वाड्याच्या गच्चीवरून दिसायचा. पावसाळा सरला कीं अगदीं स्वच्छ. आतां मध्यें इमारती आल्या.”

“वर गेली आहेस का?”

ती हंसली. “मी कशाला जातें वर? माझ्या दशम्या जाऊन आल्या.” मग थोड्या वेळानें ती म्हणाली, “देवटाक्याचं पाणी गोड असतं म्हणून तुझे वडील सांगायचे. एकदां फिरकीच्या तांब्यांतून भरून आणलं होतं त्यांनीं माझ्यासाठीं. तुला आठवत नसेल. तूं दमून झोंपला होतास.”

मला तें खरोखरच आठवत नव्हतें. वडिलांना जाऊन आतां चौदा वर्षें झालीं. तांब्याभर पाण्यानें का होईना, त्यांनीं आपलें देणें थोडेंसें फेडलें होतें. माझ्या नांवावर तेवढीही जमा नव्हती.

त्या रात्रीं मीं परिषद पुन्हां बोलावली आणि आदल्या दिवशींचा कागद फाडून टाकला. सिंहगडास जावयाचें, पायीं नव्हे, गाडीनें. आणि आईनें यावयाचें, असा ठराव मांडला. मुलानें तो एकदम उचलून धरला. पत्नीनें मात्र शांतपणें विचारलें, “सोमवारीं? त्या दिवशीं घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते. वरचा वाहनतळ भरला कीं खालींच थांबवून ठेवतात. आईंना घेऊन दोन-तीन तास उन्हांत गाडींत बसायचं का?”

हें खरें होतें. तेव्हां मीं पंचविसावें कलम सांगितलें. मुलीनें लागलीच हरकत घेतली, “बाबा, आजीची हुंडी दर्शनी आहे. दर्शनी हुंडीला मुदत नसते, म्हणून तिला कलम पंचवीस लागू होत नाहीं.” कायद्याप्रमाणें ती बरोबर होती. मीं म्हटलें, “दर्शनी हुंडी दाखवावी लागते. आजीनें ती साठ वर्षांत एकदांही दाखविली नाहीं. आतां ती दाखवील म्हणून वाट पाहावयाची का?” यावर विद्यार्थिनीस उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर प्राध्यापकाचाही आवाज नीट राहिला नव्हता.

पत्नी तोंवर बोटांवर मोजीत होती. बँकेंतल्या माणसाला या कलमाची व्याख्या करून द्यावी लागत नाहीं. “सोमवार सुट्टीचा. रविवार सुट्टीचा. चौथा शनिवार २०१५ पासून बँकांना सुट्टीचाच. लगतपूर्वीचा कामाचा दिवस म्हणजे शुक्रवार, तेवीस तारीख.” आणि मग ती म्हणाली, “मी रजा टाकतें.”

ज्या बेतासाठीं आम्ही एक सुट्टी शोधीत होतों, त्यासाठीं आतां चौघांना कामाचा दिवस मोडावयाचा होता. मीं नैमित्तिक रजेचा अर्ज लिहिला. मुलानें आपल्या वरिष्ठांस कळविलें, आणि ‘घरून काम करतों’ असें न म्हणतां ‘काम करणार नाहीं’ असें कळविलें. त्याच्या व्यवसायांत हें धैर्याचें कृत्य समजलें जातें. मुलीला दोन तास बुडवावे लागणार होते. प्राध्यापक असलेल्या बापानें मुलीस तास बुडविण्याची परवानगी द्यावी, ही आमच्या घराच्या इतिहासांतली पहिलीच घटना.

आई सगळें ऐकत होती. ‘नको’ हा शब्द तिनें तीन वेळां उच्चारला. गुडघे दुखतात, तुम्हां सगळ्यांचा खोळंबा होईल, आणि घरीं कोणी नको का? मुलानें घराला कुलूप लावण्याची पद्धत तिला समजावून सांगितली. शेवटीं ती उठली, भिंतीवरच्या कालनिर्णयाजवळ गेली, आणि बोट ठेवून म्हणाली, “तेवीसला वसंतपंचमी आहे.” राजपत्रांतली सुट्टी तिला कधीं मानवलीच नव्हती. पंचांगांतला दिवस मिळाला, आणि आम्हीं ती संमति समजली.

डबा न्यावयाचा नाहीं, असें ठरलें होतें. तरी शुक्रवारीं पहाटे पांचला मला जाग आली ती स्वयंपाकघरांतल्या दिव्यानें. आई ओट्यापाशीं उभी राहून दुधांत कणीक भिजवीत होती. मी दारांत उभा राहिलों. ती अपराध्यासारखी म्हणाली, “गडावर जायचं, आणि दशम्या नकोत का रे?” मीं सकाळभर जपून ठेवलेलें ‘आज तूं कांहीं करायचं नाहींस’ हें वाक्य तोंडांतच राहिलें. ज्या कामानें तिला साठ वर्षें घरांत बांधून ठेवलें, तेंच तिला हौसेनेंही करावेंसें वाटत होतें. आमच्या औदार्यांत ही गोष्ट कोणीं धरलीच नव्हती. पत्नी उठून आली, कांहीं न बोलतां पोळपाट ओढून तिच्या शेजारीं उभी राहिली. मीं पहिल्यानेंच चटणीसाठीं लसूण सोलली. ती सोलावयास इतका वेळ लागतो हें मला छपन्नाव्या वर्षीं कळलें.

सहलीचें वर्णन मी लांबवीत नाहीं. शुक्रवारीं रस्ता मोकळा होता. खडकवासल्याचें पाणी उन्हांत चमकत होतें. सुमारें तेराशें मीटर उंचीच्या त्या माथ्याजवळ गाडी तासाभरांत पोंचली. वाहनतळापासून पुणें दरवाज्याकडे चढ लागतो. आई एका बाजूस नातवाचा हात धरून आणि दुसऱ्या बाजूस तटाच्या दगडाला हात लावून चढली. चार पायऱ्या झाल्या कीं थांबे. पहिला दरवाजा ओलांडला, आणि तिनें सांगितलें, “आतां पुरे.” पुढचे दरवाजे, टिळकांचा बंगला, तानाजीचें स्मारक, राजाराम महाराजांची समाधि, कल्याण दरवाजा यांतलें कांहींही ती पाहूं शकली नाहीं. मी जेथें तिच्या दशम्या खात असें ती जागा तिला दाखवावी असें मला फार वाटत होतें. दहा वर्षांपूर्वीं आणलें असतें तर ती चालत तेथपर्यंत आली असती. हें मला कळत होतें. तिलाही कळत असावें. पण ती तसें बोलली नाहीं.

मुलगा म्हणाला, “आजी, मी पळत जाऊन देवटाक्याचं पाणी आणतों.”

“राहूं दे,” ती म्हणाली. “तें मीं प्यायलेलं आहे.”

एका झोंपडीवजा छपराखालीं आम्ही जेवावयास बसलों. चुलीपुढें एक बाई भाकरी थापीत होती. पिठलें, वांग्याचें भरीत, ठेंचा, मडक्यांतलें दहीं. आई पाटावर बसून दुसऱ्यानें वाढलेलें ताट कितीतरी वेळ नुसतें पाहत होती. आणखी भाकरी हवी का म्हणून त्या बाईनें विचारलें, तेव्हां आईनें तिलाच उलट विचारलें, “तुम्ही कधीं जेवतां?”

“गिऱ्हाईक उठलं म्हणजे,” ती म्हणाली.

“आणि सोमवारीं? झेंड्याच्या दिवशीं?”

“सोमवारीं कसलं जेवण, आजी! त्या दिवशीं तर मान वर करायला उसंत नसती. पहाटे तीनला पीठ मळायला बसावं लागतं.”

मुलानें माझ्याकडे पाहिलें. सुट्टीच्या दिवशीं कामावर जाणारा सगळ्या पुण्यांत मी एकटा नव्हतों. आईनें पिशवींतून पंचा काढला, त्याची गांठ सोडली आणि चार दशम्या व चटणी त्या बाईच्या हातावर ठेवली. ती संकोचली. मग म्हणाली, “इथं आम्हांला कुणी कधी खायला आणीत नाहीं.” तिनें एक दशमी तेथेंच, चुलीपुढें बसून, आमच्यादेखत खाल्ली. दोघींचें मग कणकेविषयीं, दुधाविषयीं आणि गुडघ्यांविषयीं जें बोलणें झालें त्यांत आम्हां चौघांना कांहीं स्थान नव्हतें.

हुंडी फिटली असें मी म्हणत नाहीं. मुदत टळून गेल्यावर दिलेले पैसे प्रथम व्याजांत जमा होतात, हा सावकारीचा जुना रिवाज आहे, आणि मीं दिलें तें व्याजालाही पुरें पडलें नसेल. शिवाय त्या दिवशीं पहाटे ओट्यापाशीं दोन बाया उभ्या होत्या, त्यांतल्या एकीच्या खात्यावर नवें देणें चढत आहे हें मला आतां दिसूं लागलें आहे. ‘मला डबा करावा लागणार नाहीं अशी जागा शोधा’ असें तिनें स्पष्ट सांगितलें होतें. तिची हुंडी दर्शनी असली तरी तिनें ती दाखविली आहे. यापुढें सहलीच्या कागदावर मीं एक रकाना वाढविला आहे: डबा कोणीं करावयाचा. गुढीपाडव्याच्या वेळीं त्यांत मुलाचें व माझें नांव लिहिलें होतें. लिहिल्याप्रमाणें सगळें पार पडलें असें नाहीं. पण पोह्यांना मीठ अधिक झालें, त्याची तक्रार ऐकण्याचें सुख प्रथमच आमच्या वांट्यास आलें.

सोमवारीं, २६ जानेवारीस, मी ध्वजवंदन करून घरीं आलों. दुपारभर आम्ही सारे घरींच होतों. मटार सोलण्याचें काम आईनें मोठ्या नाखुषीनें आमच्यांत वांटून दिलें. रात्रीं नऊच्या सुमारास शेजारचे गृहस्थ सहकुटुंब परत आले. दिवसाचा बराचसा भाग त्यांनीं घाटांत, गाडींतच काढला होता. जिन्यांत आईला पाहून त्यांनीं विचारलें, “काय आजी, तुमच्याकडची मंडळी गेलीं नाहींत का कुठं सुट्टीला?”

“आम्ही शुक्रवारींच जाऊन आलों,” आई म्हणाली.